हाक मारायचं नाव

१७ सप्टेंबर १९७८, केळझर

ही डायरी ह्यांना, हे कामाला आहेत त्या सेलूच्या सोसायटीत, एका खताच्या कंपनीनं दिली होती. साडेआठ महिने कोरी पडली होती. आजपासून मी लिहिणार. जुन्या लुगड्यांच्या गाठोड्यात ठेवीन. तिथे पुरुषाचा हात जात नाही, आणि आनंदाबाईला वाचता येत नाही.

आनंदाबाई म्हणजे माझी सासू. तोंडावर मी तिला माय म्हणते, सगळं गावच म्हणतं. इथे मात्र नावानं लिहिणार आणि ‘ती’ असंच लिहिणार. आज जे सापडलं त्यानंतर एवढं तरी मला करू द्या.

दुपारी तीच म्हणाली, “माह्या पेटीतलं जुनं लुगडं काढ, लेकराच्या लंगोट्या होतीन.” मला सातवा संपत आला आहे. पेटी उघडली, लुगडं उलगडलं, तर घडीतून एक कागद पडला. तार. हिंगणघाटहून आलेली, एकोणीस जुलैची. ‘पोशेट्टी एक्सपायर्ड. सेंड राजम्मा इमिजिएटली. ताराचंद.’

पोशेट्टी माझे वडील. आम्ही तेलुगू, वडिलांना नान्ना म्हणतो. राजम्मा मी. ताराचंदकाका नान्नांबरोबर मिलमध्ये, वीव्हिंग खात्यात होते.

नान्ना गेल्याचं मला कळलं ते पाच ऑगस्टला, बहिणीच्या पत्रातून. तोवर त्यांचे दिवससुद्धा होऊन गेले होते. तेव्हापासून मी एकच म्हणत होते, मला कोणी कळवलं कसं नाही? ताराचंदकाका असे नाहीत. आणि तार इथे होती. मी निजते तिथून आठ हातांवर.

कागद घेऊन मी ओसरीत आले. ती सुपात तूर निवडत होती. आज रविवार, म्हणून हे खांबाला आरसा टांगून दाढी करत बसले होते. म्हटलं, “माय, हे काय आहे?”

तिनं कागदाकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “मीच ठेवलं ते.”

“का?”

“दोनदा वाया गेलतं तुह्यं. तू तशीच बसनं धावत गेली असती. म्हनून नाई सांगतलं. झालं?”

झालं, म्हणे. ह्यांच्या गालाला ब्लेड लागलं. रक्त हनुवटीपर्यंत आलं तरी पुसायचं भान नव्हतं त्यांना. आपली आई असं करू शकते हे त्यांनाही आजच कळलं असणार. बिचारे उठून न्हाणीत गेले.

१८ सप्टेंबर

झोप नाही. आज लग्नाचं आठवत होते.

चार वर्षं झाली. हे तेव्हा हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि आमच्या चाळीसमोरच्या खोलीत राहत. लग्न आम्ही दोघांनी ठरवलं. दोन्ही घरं नाराज. हो म्हणणारे पहिले नान्नाच. “भाषा काय, बोलता बोलता येते,” म्हणाले. ते करीमनगरकडून आले तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि शेवटपर्यंत ‘बाई आला’, ‘भाकर खाल्ला’ असंच बोलायचे.

लग्नात ताटभर तांदूळ पसरून अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. सुलोचना. राजम्मा त्या तांदळाखाली गेली. ते मी सोसलं, सगळ्याच मुली सोसतात. पण आहेराच्या वेळी कोणीतरी व्याह्यांचं नाव विचारलं. नान्ना हात जोडून म्हणाले, “पोशेट्टी.” त्यावर आनंदाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हे मानसाचं नाव हाय का पोत्याचं?”

मांडव हसला. नान्नाही हसले. त्यांना काय बोललं ते कळलं नव्हतं, सगळे हसतात म्हणून हसले.

ते हसणं विसरायचा मी चार वर्षं प्रयत्न केला. आता नाही करणार. तिला काय दुखेल याचा दिवसभर विचार केला. भाजीत मीठ जास्त टाकलं तर ती पाणी पिऊन खाते. अबोला धरला तर गाईशी बोलत बसते. तिला दुखेल असं काहीतरी असेलच की. शोधीन.

२ ऑक्टोबर

अनसूयाचं, माझ्या बहिणीचं, ते पत्र पुन्हा काढून वाचलं. एक ओळ तेव्हा रडताना नजरेतून सुटली होती. ‘अक्का, तुझी तब्येत बरी नाही असं कळलं, म्हणून आम्ही वाट न पाहता नान्नाला नेलं.’

माझी तब्येत तेव्हा ठणठणीत होती. मी शेंगा फोडत होते. म्हणजे हिनं नुसती तार दडवली नाही, उलटा निरोपही धाडला! कोणाकरवी धाडला देव जाणे. अंगठा लावणारी बाई, पण डोकं किती चालतं.

ह्यांना ओळ दाखवली. म्हणाले, “जाऊ दे सुलोचना. आता उकरून काय होनार? म्हातारी आहे.” माझ्यासाठी वर्ध्याहून मोसंबी आणली होती, चार वर्षांत पहिल्यांदा. हल्ली फार सांभाळतात मला. आईच्या करणीची लाज त्यांना वाटते.

२४ ऑक्टोबर

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. गेले पंधरा दिवस तिला करपलेली भाकर वाढते. तिचे दात दुखतात हे मला माहीत आहे. आज तर मुद्दाम जाड थापली. ती तोंडाच्या एका बाजूनं चावत बसली.

मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

२० नोव्हेंबर

मंगळवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात मुलगा झाला. सव्वासहा पौंड. नाक नान्नांचं, बसकं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केलेला, आणि माहेरी आता अम्मा आणि अनसूया दोघीच. सहा दिवस आनंदाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती. घरी जा म्हटलं तरी गेली नाही. नातू पाहिजे ना तिला, म्हणून.

आज घरी आल्यावर मतदारयादीवाले मास्तर आले होते. घरातल्यांची नावं तपासत होते. तिला विचारलं, “मालकाचं नाव?” ती नेहमीप्रमाणे पदर ओढून म्हणाली, “तो वर दिवा असते न् पुनवेचा, तेच. अन् म्होरं भान लावा.” मास्तर हसले. माझे सासरे चंद्रभान. सहा वर्षांपूर्वी गेले. तिनं जन्मात त्यांचं नाव तोंडातून काढलं नाही. आकाशातल्या चंद्रालासुद्धा ती ‘वरचा दिवा’ म्हणते.

बाळ मांडीवर होतं. आणि मला सुचलं.

कागदावरचं नाव चंद्रभान. बापाचं नाव म्हटल्यावर हे नाही म्हणायचे नाहीत, गावही नाही. मग ती नातवाला हाक कशी मारणार? नवऱ्याचं नाव तिला घेता येणार नाही. तिच्याजवळ हाक मारायचं नावच तेवढं उरेल. आणि ते मी ठेवीन. पोशेट्टी. ज्या तोंडानं पोतं म्हणाली, त्याच तोंडानं रोज शंभर वेळा घे. लाडानं घे. ‘ये रे माह्या पोशेट्टी’ म्हण.

बाळ झोपेत हसलं. सटवाई हसवते म्हणतात. मीही हसले.

२६ नोव्हेंबर

काल बारसं झालं. आमच्यात एकविसाव्या दिवशी करतात, पण इथे बाराव्या, म्हणून काल.

नाव ठेवण्याचा मान आत्याचा. माझी नणंद कोकिळाताई पुलगावहून आली, तिचा नवरा तिथे डेपोत आहे. ती ‘संदीप’ ठरवून आली होती. बायका जमल्या, पाळणा सजला, ती वाकणार तेवढ्यात मी म्हटलं, “ताई, मामंजींचं नाव ठेवा. चंद्रभान.”

सुनेनं सासऱ्याचं नाव घेतलं म्हणून दोघीतिघींनी तोंडावर पदर घेतला. म्हटलं, “आमच्या तेलुगूंत नातवाला आजोबाचंच नाव देतात. त्यात पाप नसतं.”

दारात उभ्या असलेल्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोकिळाताईचा संदीप कुठल्या कुठे गेला. फक्त आनंदाबाई माझ्याकडे पाहत होती.

“अन् मी काय म्हनून हाका मारू लेकराले?” तिनं विचारलं. “ये रे अन् जाय रे?”

“तुमच्यासाठी हाक मारायचं नाव वेगळं ठेवू. पोशेट्टी.”

कोकिळाताई म्हणाली, “हे कोनतं नाव, वैनी?”

“माझ्या वडिलांचं. एक नाव तुमच्याकडचं, एक आमच्याकडचं. बरोबरी झाली.”

हे बोलताना मी तिच्याकडेच पाहत होते. वाटलं, ती ओरडेल, रडेल, निदान तोंड वाकडं करेल.

ती उठली. गुडघ्यावर हात टेकत पाळण्यापाशी आली, वाकली, आणि म्हणाली, “पोशेट्टी.” दोन्ही ट नीट लावून. घरी बसून घोकल्यासारखं. मग बायकांकडे वळून म्हणाली, “चांगलं हाय. पोसनारा. पोशा म्हनू आपन.”

बायकांनी मान डोलावली. शेतकऱ्याच्या घरात पोशा, छान शोभते म्हणाल्या. घुगऱ्या वाटल्या.

हे मात्र मागच्या अंगणात गेले ते बराच वेळ आले नाहीत. डोळ्यांत धूर गेला म्हणाले. चूल तर विझलेली होती.

मला फसवल्यासारखं वाटतंय. बाण मारावा आणि समोरच्यानं तो फुलासारखा केसांत खोवावा, तसं.

११ डिसेंबर

सकाळपासून पोशा, पोशा. पोशाची टाळू भरली का, पोशाले दृष्ट लागली, पोशा आज माह्याकडं पाहून हासला. शेजारपाजारही तेच म्हणू लागलं. चंद्रभान नाव कोणी घेतच नाही, हेसुद्धा नाही. हे तर बाळाला कुठल्याच नावानं हाक मारत नाहीत. ‘बाळ झोपलं का?’ एवढंच विचारतात.

माझा सूड असा गोड मानून घेतला तर तो सूड कसला? म्हणून आता मी बाळ देत नाही तिच्याकडे. ती सकाळी वाटीत तेल कोमट करून आणते, अंगाला लावायला. मी म्हणते, झोपलंय. ते जागं असलं तरी म्हणते. ती उंबऱ्यापाशी वाटी धरून बसते. मग तेल गार होतं. ती उठून पुन्हा कोमट करून आणते. आज तीनदा.

चौथ्यांदा मी बाळ दिलं. फक्त हात दुखले होते म्हणून.

ती त्याला पायांवर घेऊन ‘जो जो’ करत होती. अम्माही आम्हाला झोपवताना ‘जो जो’च म्हणायची. दोन्ही भाषांत एकच शब्द निघावा याचा मला आज राग आला.

१९ जानेवारी १९७९

नवी डायरी मिळाली नाही. जुन्यातच मागच्या पानांवर लिहिते.

नान्नांना जाऊन सहा महिने झाले. अम्मानं बाळाला अजून पाहिलं नाही. मी संक्रांतीपासून हिंगणघाटला जाते म्हणतेय. हे म्हणतात, थंडी आहे. मग म्हणाले, बस हादरते. मग म्हणाले, कापसाच्या खरेदीचे दिवस आहेत, मला सोडायला वेळ नाही, होळीनंतर बघू.

नवल म्हणजे आनंदाबाईच माझ्या बाजूनं बोलतेय. आज जेवताना ह्यांना म्हणाली, “तिले मायच्या घरी जाऊ दे.”

“जाईन ना. कोन नाई म्हनते? पन आत्ता काऊन?”

“मंग कवा? तुह्या उद्याले?”

हे ताटावरून उठून गेले. आईवर इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती मला का धाडते आहे हे मला कळत नाही. मी आणि बाळ डोळ्यांसमोर नको झालो असू. की आणखी काही डाव आहे?

३ फेब्रुवारी

हे खरेदीच्या कामानं तीन दिवस पुलगावला गेले आणि त्यांची पाठ वळताच आनंदाबाईनं माझी पिशवी भरली. तिळाचे लाडू, अम्मासाठी लुगडं, बाळाची दुपटी. टेकडीवरच्या गणपतीला बाळाचं डोकं टेकवून आणलं. मग स्वतः बसपर्यंत आली. कंडक्टरला म्हणाली, “वर्ध्याले हिंगनघाटच्या गाडीत बसवून देजो रे बाबू, लेकुरवाळी हाय.” गाडी हलली तेव्हा खिडकीजवळ येऊन म्हणाली, “सारं इचारून येजो.”

काय विचारून यायचं ते बोलली नाही. गाडी निघाली. हे मी हिंगणघाटला पोचल्यावर लिहिते आहे. अम्मा खूप बारीक झाली आहे.

५ फेब्रुवारी, हिंगणघाट

आधी एक वेगळंच झालं. अम्मानं बाळाला मांडीवर घेतलं, नाक पाहिलं, आणि रडली. अनसूयानं सांगितलं, “अम्मा, ह्याला घरी पोशेट्टी म्हणतात.” अम्मानं झटकन माझ्याकडे पाहिलं. “मग मी काय म्हणू?” म्हणाली.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अम्मानंही जन्मात नान्नांचं नाव घेतलेलं नाही. तिच्यासाठी खड्डा मी खणला नव्हता, पण पडली तीच. मी म्हटलं, “दुसरं नाव आहे. चंद्रभान.” अम्मानं ते तेलुगूत वळवून घेतलं, चंद्रभानू. दोन दिवस घरात चंद्रभानू, चंद्रभानू चाललंय. तिकडे कोणी न घेतलेलं सासऱ्यांचं नाव इथे माझी अम्मा घेते आहे.

आज दुपारी ताराचंदकाका आले. मी म्हटलं, “काका, तुमची तार मला मिळाली नाही. माझ्या सासूनं लपवली.”

ते बुचकळ्यात पडले. “सास ने? बेटा, तार तो मैंने ओमप्रकाशबाबू के नाम किया था. सेलू, सोसायटी के पते पर. घर का पता मेरे पास था ही नहीं. और दूसरे दिन उनका जवाब भी आ गया.”

अनसूयानं नान्नांच्या कागदांतून जवाबाची तार काढून दिली. सेलूहून, वीस जुलैची. ‘वाइफ सिरियसली इल. कॅनॉट ट्रॅव्हल. ओमप्रकाश.’

ओमप्रकाश म्हणजे हे. मी ती चार वेळा वाचली. मग बाळाला पाजायला घेतलं, तर दूधच येईना.

दाढी करताना गाल कापलेला मला दिसत होता. तार इंग्रजीत होती, आणि आनंदाबाईला मराठीसुद्धा वाचता येत नाही. हे सगळं मी माझ्याच हातानं ह्याच डायरीत लिहून ठेवलंय. लिहिलं आणि पाहिलं नाही.

८ फेब्रुवारी, केळझर

आज परतले. ओमप्रकाश कामावर होता. माय अंगणात होती, मला पाहून उठली. मी दोन्ही तारा तिच्यापुढे धरल्या. तिला वाचता येत नाहीत, पण दोन आहेत एवढं दिसलंच.

“भेटलं?” ती म्हणाली.

“माझ्यासाठी खोटं का बोललात?”

“तुह्यासाठी कायले? माह्या पोट्ट्यासाठी बोलली.” तिनं बाळ घेतलं. “धुवाले टाकलेल्या सदऱ्यात भेटला मले तो कागद. तार हाय एवढं समजते. त्याले इचारलं, तं सांगतलं त्यानं. तवा आठ दिवस झालते. म्हने, उद्या सांगतो. त्याचा उद्या येतच नाई, लहानपनापासून. म्या तो चुलीत नाई टाकला. पेटीत ठेवला, कवातरी तुह्या हाती लागन म्हनून. अन् लागला तवा त्याचं तोंड पाह्यलं. वाटलं, आता हे पोरगी पोटातल्यासकट उठून जाईन. सासूवरच्या रागापायी कोनी घर सोडत नाई. म्हनून घेतलं अंगावर.”

“मी तुम्हाला करपलेल्या भाकरी वाढल्या.”

“हो तं. दात हालून राह्यले होते माहे.” मग म्हणाली, “पन मांडवात बोलली ते मीच बोलली. ते कोनी दुसऱ्यानं नाई बोललं. बोलली अन् तुह्या बापाले हासताना पाह्यलं, तवाच जीभ चावली. ते मातर माह्यावर ठेव. ते नको सोडू.”

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं नाही. गळ्यात पडावंसंही वाटलं नाही. मी तेल कोमट करून आणलं आणि वाटी तिच्यापुढे ठेवली.

९ फेब्रुवारी

ओमप्रकाशला सकाळी विचारलं, मायच्या देखत.

तो खाटेवर बसून राहिला. म्हणाला, “मी सांगनारच होतो. घरी आलो तं तू शेंगा फोडत होती, हासत होती. वाटलं, जेवून घेऊ दे. जेवली. मग वाटलं, सकाळी सांगू. डॉक्टरीनबाईनं घाबरवलं होतं. मग तेरा दिवस झाले, मग कोन्या तोंडानं सांगू?”

“जवाबाची तार मात्र दुसऱ्याच दिवशी केलीत. तिथे बरा आला तुमचा उद्या.”

तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं. आपली आई करपलेल्या भाकरी चावताना तो समोर बसून जेवत होता. मला मोसंबी आणून देत होता. आणि ती मी खाल्ली.

माझा राग तसाच आहे. एवढे दिवस चुकीच्या दारावर उभा होता, इतकंच.

१८ फेब्रुवारी

अबोला चालू आहे. तो माझ्या मागेमागे करतो. काल म्हणाला, “तू म्हनशील ते करतो. एकदा सांग.”

आज सांगितलं. रेशन कार्डात बाळाचं नाव चढवायचं आहे, त्याचा पहिला सरकारी कागद. त्यावर चंद्रभान नाही. पोशेट्टी. शाळेतही तेच लागेल, नोकरीतही तेच.

“अन् बाबाचं नाव?” त्याचा चेहरा उतरला. “बारशात ठेवलेलं? गावाले काय सांगू?”

“जे झालं ते सांगा.”

तो मायकडे वळला. मला वाटलं, इथे ती अडेल. नवऱ्याचं नाव आहे. मीही तिच्याकडे पाहून म्हटलं, “माय, तुमचं मन दुखत असेल तर सांगा. तुम्हाला दुखवायचं नाही आता.”

तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, “तुही माय काय म्हनते म्हने त्याले?”

“चंद्रभानू.”

“रोज घेते?”

“मी तिथे होते तेव्हा दिवसभर घेत होती.”

“मंग झालं तं. कोनीतरी घेऊन राह्यलं न् तोंडानं.” तिनं डोळे पुसले आणि लेकाला म्हणाली, “लिव्ह पोशेट्टी. तिच्या बापाच्या मातीले नाई गेला, नावाले तं जाय.”

६ मार्च

आज तिघं वर्ध्याला गेलो. तहसिलीत रांग होती. ओमप्रकाशनं अर्ज आधीच भरून आणला होता, सुंदर अक्षरात. मला म्हणाला, तू सावलीत बस, मी करतो. मी बसले नाही. बाळाला खांद्यावर घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

खिडकीतले कारकून म्हातारे होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला.

“पोशेट्टी ओमप्रकाश. हे कोनतं नाव हो?”

ओमप्रकाश म्हणाला, “तेलुगू आहे.”

“तुमी तं केळझरचे दिसता.”

“हो. नाव... हिच्या वडलाचं आहे. माझ्या सासऱ्याचं.”

“अस्सं?” कारकुनांना बरं वाटलं. चष्मा खाली घेऊन त्यांनी बाळाकडे पाहिलं. “आजकाल सासऱ्याचं नाव कोन ठेवते? लय जीव असन तुमचा त्याईच्यावर. हायेत का?”

“नाई. मागच्या जुलैत वारले. हिंगणघाटले.”

“आरारा. मिलमधे होते का? मिलवाल्याईच्या मातीले लय मानूस जमते. गेले असान तुमी दोघं.”

ओमप्रकाशनं माझ्याकडे पाहिलं. नेहमी पाहतो तसं, मी काहीतरी बोलून सावरून घ्यावं म्हणून. मी बाळाला ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“नाई,” तो म्हणाला. “गेलो नाई.”

“काऊन?”

कारकुनांनी सहज विचारलं होतं. पेन कागदावर टेकवून ते त्याच्याकडे पाहत राहिले. ओमप्रकाशच्या कपाळावर घाम आला होता. मागे रांगेत दहा-बारा माणसं होती, कोणीतरी ‘चला ना भाऊ’ म्हणालं.

मला काही घाई नव्हती.